त्याच्या आधी त्या खुर्चीत

प्रिय बाईसाहेब,

पत्र मिळालं. दोन पानं त्या पुढाऱ्यावर आणि माझ्या खोकल्यावर एक ओळ! खोकला गेला, काळजी करू नकोस. आईचा गुडघा कसा आहे ते मात्र लिहायला विसरलीस.

"टीव्हीवरच्या चर्चेत चेहऱ्यावर काय तेज होतं," म्हणे. तेज कसलं डोंबलाचं! त्याची नि माझी उंची सारखी, म्हणून इथे स्टुडिओत तो येण्याआधी दिवे आणि कॅमेरे लावायला त्याच्या खुर्चीत तासभर मला बसवतात. तो उजेड माझ्या तोंडावर बेतलेला होता. त्याच्यावर चार खटले चालू आहेत, आणि तुला तो भोळा वाटतो!

त्याचं एक उत्तर तुला फारच आवडलं. निवेदिकेनं विचारलं, "दिलेला कोणता शब्द मोडलात?" तो छाती काढून म्हणाला, "एकही नाही!"

आधी आवाज तपासताना तिनं हाच प्रश्न मला विचारला होता. मी म्हणालो, "वर्षभरात परत येतो असं बायकोला सांगितलं होतं. आता तिसरं चालू आहे."

"आवाज ठीक आहे," ती म्हणाली. "उठा आता."

अजून तुझाच ना?
मी