गोड बन, शुद्ध शाकाहारी

रविवार, ३ सप्टेंबर २००६

शी. शी. शी.

कुल्ला केला. परत केला. मिठाच्या पाण्यानेही केला. उपयोग शून्य, कारण जे पोटात गेलंय ते गेली चार वर्षं जातंय.

दर शुक्रवारी संध्याकाळी अतुल ऑफिसजवळच्या चायनीज बेकरीतून दोन गोड बन आणतो. पांढरेशुभ्र, वाफवलेले, आत लाल बीन्सचं गोड पुरण. एक त्याचा, एक माझा. बेकर स्ट्रीटला गाडीत बसलो की कागद सोडायचा, हॅरो यायच्या आत संपवायचा. आज त्याच्याकडे जेवायला गेलो, तर साहेब वरण वाढता वाढता म्हणतात, अरे विष्णू, बेकरीवालीला रेसिपी विचारली, त्या पुरणात लार्ड असतं म्हणे.

लार्ड! डुकराची चरबी! मी घास ताटात ठेवला. अतुल म्हणाला, चार वर्षं पचली ना, मग आता कशाला टेन्शन घेतोस. आणि हसला. सुनीतीवहिनी त्याला डोळ्यांनी दटावत होत्या, तरी हसला.

ज्या माणसाने केलेली, पाकिटांच्या लेबलांवर घटकांसाठी छापतात त्या ई-नंबरांची यादी हॅरो-पिनरमधल्या प्रत्येक मराठी फ्रीजवर चिकटवलेली आहे, ज्याने लोकांना E120 म्हणजे किडे आणि E542 म्हणजे हाडं हे शिकवलं, त्याला हसला. संबंध संपले. इथल्या मराठी मंडळात सर्वांसमोर माफी मागेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही.

सोमवार, ४ सप्टेंबर

अतुल एक स्टेशन आधी, नॉर्थवुड हिल्सला चढतो, पहिल्या डब्यात. म्हणून पिनरला मी शेवटच्या डब्यात चढलो. जागा नव्हती. उभं राहणं पाठीला चांगलं असतं. डाव्या बाजूला एकाची काख, उजव्या बाजूला एकीचं एग सँडविच. या देशाचा कधीकधी उबग येतो.

शुक्रवार, ८ सप्टेंबर, सायं. ७.३०

गाडीत काही खाल्लं नाही. काही वाटलंही नाही. बिलकुल नाही.

घरी आल्यावर दोन केळी, चिवडा, सकाळची पोळी, जॅम-टोस्ट. तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय. ॲसिडिटी असावी.

शनिवार, ९ सप्टेंबर

विचार करता लक्षात आलं की बनचा काही दोष नाही. दोष चरबीचा. चरबी काढली की उरतं काय? मैदा, यीस्ट, साखर आणि पुरण. पुरण आपल्या रक्तात आहे. चिन्यांना जमतं ते मला न जमायला झालंय काय!

अरुणाताईंना फोन केला. मंडळाच्या अध्यक्ष त्या. ७ ऑक्टोबरला दसऱ्याचं स्नेहसंमेलन आहे (दसरा २ तारखेला, पण हॉल मिळतो तेव्हा आमचा दसरा). मी म्हणालो, मला पंधरा मिनिटं द्या, ‘लेबल कसं वाचावं’ यावर बोलतो आणि शेवटी सर्वांना शंभर टक्के शाकाहारी चायनीज बन खिलवतो. ताई म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून आमचा धर्म टिकून आहे. अतुल पहिल्या रांगेत बसेलच. बघू मग कोण हसतं.

मंजिरीला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुम्हाला चहा गाळता येत नाही. बायकोचा नवऱ्यावर विश्वास हवा. बऱ्याच घरांत असतो.

रविवार, १० सप्टेंबर

पहिला प्रयोग. तांत्रिकदृष्ट्या यशस्वी.

गुजराती दुकानातून लाल चवळी आणली, कुकरला लावली, साखर घालून आटवली. तासभर ढवळत होतो. रंग शेणासारखा आला, पण चिन्यांचाही साधारण तसाच असतो. यीस्टला ओल्या मोज्यांचा वास येतो. तो वास जावा म्हणून मी त्यावर उकळतं पाणी ओतलं. पीठ फुगलं नाही. इंग्लिश मैदा सुस्तच असतो, इथल्या माणसांसारखा.

इडलीपात्रात वाफवले. अक्षराने एक उचलला, टेबलावर आपटून पाहिला आणि म्हणाली, बाबा, दिस इज बेसिकली अ रॉक, माझा दात ब्रेक होईल. सतरा वर्षांच्या मुलीला वडिलांशी कसं बोलावं हे इथल्या शाळा शिकवत नाहीत. मंजिरी म्हणाली, ओटा तुम्हीच पुसायचा.

पुसला. यीस्ट नखांत राहतं. रात्री जेवताना हाताला वास येत होता.

शनिवार, १६ सप्टेंबर

पीठ फुगायला ऊब लागते, असं इंटरनेटवर वाचलं. घरात ऊब फक्त एअरिंग कपबोर्डमध्ये, गरम पाण्याच्या टाकीशेजारी, धुतलेल्या टॉवेलांवर. पातेलं तिथे ठेवलं आणि जरा पडलो. उठेपर्यंत पीठ पातेल्याबाहेर येऊन मंजिरीच्या पांढऱ्या टॉवेलांवर पसरलं होतं. चिकट, गार, आंबूस. हात घातला आणि शहारा आला. काहीतरी जिवंत असल्यासारखं लागत होतं.

जे खरवडून निघालं त्याचे बन केले. पुरण कोरडं होऊ नये म्हणून सनफ्लॉवर तेल घातलं होतं. ते सगळं खालून गळलं. एक चावून पाहिला, तोंडात तेलाचा घोट आला. सिंकपाशी पळालो.

मंजिरीने टॉवेल काळ्या पिशवीत भरले आणि पिशवी माझ्या उशीवर ठेवली.

मंगळवार, १९ सप्टेंबर

अतुलचा मोबाईलवर मेसेज. पुढच्या डब्यात ये रे, असं इंग्रजीत, चुकीच्या स्पेलिंगसह. डिलीट केला. आधी तीन-चार वेळा वाचला, तो फक्त स्पेलिंगसाठी.

रविवार, २४ सप्टेंबर

या वेळी फुगले! पण मी मध्येच झाकण उघडून पाहिलं. डोळ्यांदेखत सगळे बसले. सुरकुतलेले, पिवळट, आंघोळीनंतरच्या तळपायासारखे.

निदान झालं आहे. माझ्या हातात दोष नाही, स्निग्धांश कमी पडतोय. तेल पातळ, त्याने भागत नाही. घट्ट हवं. मंजिरीकडे तूप मागितलं. ती म्हणाली, कढवलेलं तूप खायच्या पदार्थांसाठी आहे.

सोमवार, २ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी बेल वाजली. वरच्या खिडकीतून पाहिलं तर अतुल. दर वर्षी सोनं द्यायला पहिला तोच येतो, त्यांच्या बागेतल्या कसल्याशा झुडपाची पानं घेऊन. मी बाथरूममध्ये गेलो आणि मंजिरीला सांगायला लावलं की बाथरूममध्ये आहेत. म्हणजे खोटं काहीच नव्हतं. तो बराच वेळ खाली बोलत बसला. मी टबाच्या काठावर बसून होतो. पाय गार पडले. माफी मागायला आला असता तर तसं ओरडून सांगितलं असतं ना त्याने.

गुरुवार, ५ ऑक्टोबर, सायं. ६.००

सापडलं!!

हाफ डे घेऊन सुपरमार्केटला गेलो. लोण्याच्या शेल्फशेजारी लार्डच्या वड्या रचून ठेवल्यात, पांढऱ्या, थंड, साबणासारख्या. अंगावर काटा आला. नाकाला रुमाल लावून पुढे सरकलो, तर बेकिंगच्या रांगेत एक खोकं. नाव सुएट. वर चित्र वाफवलेल्या पुडिंगचं! आत पांढरे बारीक दाणे, डेसिकेटेड कोकोनटसारखे. म्हणजे या लोकांना वाफवायचे पदार्थ कळतात, फक्त सांगत नाहीत. मागच्या लेबलावर किंमत कमी केल्याचं पिवळं स्टिकर बसलं होतं, त्याने थोडं झाकलं गेलं होतं. उरलेलं मी यादी हातात धरून तपासलं. एकही ई-नंबर नाही. एकही! इतकं निर्मळ लेबल मी या देशात पाहिलेलं नाही.

सायं. ८.३०

पिठात घातलं, पुरणातही सढळ हाताने. वास जरा उग्र आला, पण यीस्टपुढे तो चंदनच. पात्र उघडलं आणि बघतच राहिलो. पांढरे, फुगलेले, मऊ. पुरणाला चकाकी. चवीपुरता एक खाल्ला. खात्री म्हणून अजून एक. मग अर्धा. मग उरलेला अर्धा कशाला ठेवायचा.

मंजिरीचा गुरुवारचा उपास. अक्षरा म्हणाली, नो वे, आधीचे बघितलेत. मग मीच संपवले. चार वर्षं जे शुक्रवारी मिळायचं, अगदी तेच. त्याच्याहून जास्तच. डोळ्यांत पाणी आलं, वाफेमुळे.

अतुलला एक द्यावा असं क्षणभर मनात आलं. शनिवारी मिळेलच त्याला, सर्वांसमोर.

शनिवार, ७ ऑक्टोबर, रात्री

पेनचं टोक कागदात घुसतंय. रागाने.

सकाळपासून तीन घाण्यांत बन केले. अप्रतिम. हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर ट्रे झाकून ठेवला. भाषण सुरू. लोक माना डोलावत होते. अतुल पहिल्या रांगेतच होता. शेवटी मी सुएटचं खोकं उंच धरलं आणि म्हणालो, आदर्श लेबल पाहा, एकही ई-नंबर नाही, हातात घेऊन पाहा. खोकं पहिलं अतुलकडेच दिलं. मुद्दाम.

त्याने ते फिरवून पाहिलं. नखाने काहीतरी खरवडत बसला. माझं भाषण चालू असताना! मग खोकं पुढे द्यायचं सोडून कोटाच्या खिशात घातलं, उठला, सरळ टेबलापाशी गेला, माझा ट्रे उचलला आणि म्हणाला, गरम करून आणतो. किचनच्या दाराशी त्याला ठेच लागली म्हणे. सगळा ट्रे उपडा. ठेच! त्या दाराला उंबरासुद्धा नाही!

त्यातून वरचे काही बन बनांवरच पडले होते, स्वच्छ होते. मी धावत गेलो. तोवर या माणसाने दोन्ही हातांनी सगळे काळ्या पिशवीत कोंबून वरून कोणाचातरी चहा ओतला. कोणाला एक घास मिळाला नाही.

अरुणाताईंनी त्याला सर्वांसमोर झाडलं. म्हणाल्या, मत्सरालाही मर्यादा असते, दिवाळीच्या कार्यक्रमाचं तुमच्याकडचं सगळं काम काढून घेतलंय. बारा वर्षं दिवाळीचं गाणं-बजावणं तोच बसवतो. तो खाली मान घालून सॉरी म्हणाला. फक्त सॉरी. माझ्याकडे पाहिलंही नाही.

असा माणूस माझा मित्र होता याची किळस वाटते.

रविवार, ८ ऑक्टोबर, दुपार

सुनीतीवहिनी येऊन गेल्या. मला भेटल्या नाहीत. मंजिरीशी दारात बोलल्या. अतुलने कोणालाही सांगायचं नाही म्हणून बजावलंय, पण विष्णूभावजी पुन्हा करतील म्हणून आले, असं म्हणाल्या. खोकं देऊन गेल्या.

मंजिरीने ते माझ्यासमोर ठेवलं. पिवळं स्टिकर खरवडून काढलेलं होतं. खाली छापलेलं, घटक: बीफ सुएट.

अक्षराला विचारलं. ती म्हणाली, बाबा, सुएट म्हणजे काऊच्या किडनीच्या भोवतीचा फॅट, एव्हरीवन नोज, आम्ही स्कूलमध्ये फूड टेकच्या क्लासला केलंय. मी म्हणालो, मग सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तू खोकं कोणाला दाखवलंस कुठे.

मंजिरीने खाल्ले नाहीत. अक्षराने खाल्ले नाहीत. मंडळात एकानेही खाल्ले नाहीत. सगळे शुद्ध आहेत. खाल्ले ते मीच, आणि मला ते आवडले.

बाथरूममध्ये बराच वेळ होतो. काही बाहेर आलं नाही. पचलं.

सायं. ६.४५

अरुणाताईंना फोन केला. खरं सांगायचं ठरवूनच केला. वाक्यही तयार होतं: ताई, काल अतुलने आपल्या सगळ्यांना वाचवलं. पण फोन उचलल्या उचलल्या ताई म्हणाल्या, कालचं तुमचं भाषण ऐकून तिघांनी तुमची यादी मागितली आहे आणि अतुलला पुढच्या वर्षी मेंबर ठेवायचं का यावर कमिटी विचार करतेय. मी म्हणालो, नको, माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. ताई म्हणाल्या, केवढं मोठं मन तुमचं. मी थँक्यू म्हणालो.

फोन ठेवला. चरबीची वाटली नव्हती एवढी किळस आता वाटते आहे आणि ती धुवायला कुठला कुल्ला नाही. त्याने ते खोकं नुसतं पुढे सरकवलं असतं, तर मी हॅरोतून उठलो असतो.

ठरलं. उद्या सकाळी पहिल्या डब्यात चढायचं. शेजारी बसायचं आणि सगळं सांगायचं, ताईंच्या फोनसकट.

सोमवार, ९ ऑक्टोबर

ठरल्याप्रमाणे प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला उभा राहिलो. गाडी आली. पहिला डबा माझ्यासमोरच थांबला. काचेतून अतुल दिसला. डबा भरलेला होता, लोक दांड्यांना धरून उभे होते आणि त्याच्या शेजारच्या सीटवर त्याची बॅग होती. एक बाई त्याला ती उचलायला सांगत होती. तो मान हलवून नाही म्हणत होता आणि दाराकडे पाहत होता.

मी मागच्या डब्यांकडे पळालो. दारं बंद होता होता कुठल्यातरी डब्यात शिरलो. बेकर स्ट्रीटपर्यंत उभाच होतो.