ताईचे दोन रकाने

३ तारीख, सोमवार

पोहोचले एकदाची! ताईने स्टेशनवरच मिठी मारली आणि तिथल्या तिथे ओरडली, की काय हे हाडांचं गाठोडं करून आणलंयस. भावोजींनी माझी बॅग उचलली, पुस्तकांच्या वजनाने वाकले आणि म्हणाले, मेहुणीबाई कपडे आणायला विसरलेल्या दिसतात. दीड महिन्यानंतर मी मोठ्याने हसले.

वरची खोली मला दिलीय. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान, टेबल भिंतीला लावलेलं, पलंगावर घडीच्या खुणा न मोडलेली नवी चादर. टेबलावर ही वही ठेवली आणि घर झालं.

वीस वर्षं मी कारखान्यांच्या फाटकांवर उभी राहून कामगारांपुढे बोलले. माझा आवाज हीच माझी मिळकत. मग गेल्या थंडीत दुसरा एक आवाज आला, माझी वाक्यं माझ्याआधी संपवणारा, घाणेरड्या शिव्या देणारा. एका भरसभेत मी माइकवरून त्याला उत्तर दिलं. पुढचे सहा आठवडे इस्पितळ. आता तो गप्प आहे. ज्या गोळीने त्याचं तोंड बंद केलं, तिला मी कधीही नावं ठेवणार नाही. मला फक्त पुन्हा फाटकावर उभं राहायचंय.

४ तारीख, मंगळवार

ताई तीस वर्षं मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त झालीय यावर तिचा अजून विश्वास नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिच्यावर लक्ष ठेवा, कशी वागते ते लिहून ठेवा. ताईने लगेच रजिस्टर आणलं, पट्टीने आखलं. तारीख, वेळ आणि दोन रकाने: शांत, अस्वस्थ. दिवसातून चार वेळा बरोबरची खूण. इस्पितळ चार तासांवर, म्हणून दर गुरुवारी ती डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवणार. भावोजी म्हणाले, लग्नानंतर माझंही असंच रजिस्टर होतं, मी कायम नापास.

गोळ्यांच्या खोक्यांतले माहितीचे कागद मात्र तिने कचऱ्यात टाकले. मी मागितले तर म्हणाली, तू वाचलंस की तुला त्यातलं सगळं होणार, पुरुषांचे आजारसुद्धा! मी हसून सोडून दिलं. तिचं अगदीच चूक नव्हतं.

९ तारीख, रविवार

एक विचित्र गोष्ट नीट लिहून ठेवते. तीन दिवस मला बसवत नाही. भीती नाही, तो आवाजही नाही, मन जागेवर आहे. पण पायांत कुणीतरी मोटार बसवलीय आणि बटण काढून नेलंय. बसले की आतून कातडी ओढल्यासारखी होते, उभी राहिले की पाऊल टाकावंच लागतं. खोली अकरा पावलांची आहे. जेवताना चार वेळा उठले. ताई घास तोंडाशी धरून बघत राहिली, मग उठून रजिस्टरकडे गेली.

१३ तारीख, गुरुवार

फोन झाला. ताईने वर्गात हजेरी घ्यावी तसं खणखणीत वाचलं. अस्वस्थ, अस्वस्थ, अस्वस्थ. डॉक्टरांनी गोळी दीडपट केली. मी फोन मागितला. ताईने हातानेच थांबवलं आणि म्हणाली, मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये. मी बेचाळीस वर्षांची आहे.

१५ तारीख, शनिवार

पाय थांबत नाहीत म्हणून चालत सुटले आणि औषधांच्या दुकानात शिरले. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर. मी त्याच्या फळीसमोर एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होते. त्याने माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघितलं. विचारलं, नवी गोळी चालू आहे का? मी नाव सांगितलं. तो म्हणाला, बाई, हा आजार नसेल, गोळीचा त्रास असेल, बऱ्याच जणांना होतो. मनाने बंद करू नका, ते धोक्याचं. डॉक्टरांना समोर जाऊन पाय दाखवा, ते गोळी कमी करतात नाहीतर बदलतात. आणि कधी ताप आला, अंग ताठलं, तर फोनची वाट बघायची नाही, त्याच तासाला इस्पितळ गाठायचं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी आधी बघितलं आणि मग ठरवलं.

१६ तारीख, रविवार

काल घरी येऊन बोलले. आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण, श्रोते दोन. मुद्देसूद बोलले. मी म्हणाले, त्रास गोळीने होतोय, तुझ्या रजिस्टरमध्ये त्याला रकाना नाही, म्हणून तू तो आजाराच्या खात्यात टाकतेस, म्हणून गोळी वाढते, म्हणून त्रास वाढतो. मी गोळीविरुद्ध नाही, मी न ऐकण्याविरुद्ध आहे! औषधाला कान नसतात, ते देणाऱ्याला असावे लागतात! येरझाऱ्या घालत बोलले, थांबता येतच नव्हतं. टेबलावर हात आपटला.

भावोजी हळूच म्हणाले, हिचं म्हणणं पटतंय, घेऊन जाऊ या का डॉक्टरांकडे. ताई रडायला लागली. म्हणाली, तुम्ही त्या सभेत नव्हतात. मी पहिल्या रांगेत होते. त्या दिवशीही ही अशीच बोलत होती, असंच मुद्देसूद, असाच हात आपटत, आणि मग त्या नसलेल्या माणसाशी बोलायला लागली.

तिने डोळे पुसले आणि खूण केली. कुठल्या रकान्यात ते काय सांगू?

१७ तारीख, सोमवार

ताईने गुरुवारची वाट बघितली नाही. सकाळीच फोन. गोळी दुप्पट. चोवीस तारखेला घेऊन या म्हणाले. आठवडा आहे मध्ये.

मी गोळी जिभेखाली लपवली. तिने तोंड उघडायला लावलं. तीस वर्षांत तिने किती कॉप्या पकडल्या असतील.

१९ तारीख, बुधवार

पाय थांबले. पण सुटका नाही ही, सगळंच थांबलं. मान वळवायची तर खांद्यासकट वळावं लागतं. अक्षर बघा. मोठं लिहायला घेते, ओळीच्या शेवटी मुंगी होते. लाळ गळते. भावोजींनी विनोद केला, मला आतून खूप हसू आलं. चेहरा हलला नाही. ते बघत राहिले, मग उठून खाली गेले.

आरशात बघितलं. चेहऱ्याचं दुकान बंद आहे.

२० तारीख, गुरुवार

आजचा फोन. कालपासून सगळ्या खुणा शांत. ताईचा आवाज आनंदाने कापत होता. तिकडून विचारलं असावं, ती म्हणाली, हो, गुण आला. मग माझे केस विंचरले, लहानपणी विंचरायची तसे. म्हणाली, माझी गुणाची बाई परत आली.

ताई, मी आत आहे. ओरडतेय.

२२, शनिवार

अंग जळतंय. घामाने चादर भिजली. ताई म्हणाली, उकाडा आहे, खिडकी उघडली. चादर बदलली. किती मायेने. हात वाकत नाही, तिने बाही ओढून चढवली — बोलायला गेले, जीभ जाड, नुसता घोगरा आवाज — तिने तोंड पुसलं. शांत.

औषधवाला म्हणाला होता, ताप आणि ताठ. दोन्ही आहे. त्याच तासाला.

२३

ताप. दातखीळ बसलीय. लिहूनच सांगायचं. मधल्या पानावर लिहिलं: ताप आहे. इस्पितळात ने. गोळी नको. वही तिच्याकडे सरकवली.

ताईने बघितलंच नाही. म्हणाली, दुसऱ्याची रोजनिशी वाचायची नसते, मुलींना मी हेच शिकवलं. लिहितेस तेच खूप आहे. मिटली. उशीखाली ठेवली. कपाळाला हातही —

पाणी पाजलं. गोळी.

छाती धडधड. भिंत हलते. सभा आहे का खाली — नाही. सायकलवाला.

२३ अजून

वही काढली. किती वेळ लागला. बोटं लाकूड. पान फाटत नाही.

उद्या चोवीस. उद्या नाही पुरणार.

जिन्यात भावोजी. ताई नाही. पान उघडं ठेवते. छातीवर.

भावोजी वाचा. पाप नाही. मी परवानगी दे