ढालमामाची टॉवेल-टोपी

मु. पो. अर्धापूर, जि. नांदेड

चि. सत्यम,

मामाचा आशीर्वाद घे. तू मागितलेला नाहीस, पण आमच्याकडं शिल्लक आहे म्हणून पाठवतोय. ताईचे (तुझ्या आईचे) गुडघे कसे आहेत? रामलिंग दाजींची शुगर? लग्नाच्या धावपळीत तुझ्या बहिणीची, चि. सौ. कां. सुकन्याची तब्येत उतरली नाही ना? इकडं तुझी मामी बरी आहे, केळीही यंदा बरी आहे, आणि मी कसा आहे ते तुझे वाचक तुला कळवतच असतील. फोनच केला असता, पण फोनवर तू "हाव मामा" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही.

तू लातूरला दाळ मिलच्या ऑफिसात नोकरी करून फावल्या वेळात मोबाइलवर चित्रांची गोष्ट टाकतोस, एवढंच मला ठाऊक होतं. म्हटलं, पोरगं दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, काढू द्या चित्रं. परवा बँकेत गेलो तर मॅनेजरनं मान वर करून "या" म्हटलं नाही, म्हणून मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. (काम माझं होतं, त्यांचं नव्हतं, हे नंतर सुचलं.) तेवढ्यात काउंटरवरच्या विशाखा मॅडम बाहेर आल्या, मला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर ढालमामा!" मी प्रसिद्ध आहे, हे मला असं पायरीवर कळलं.

त्याच दुपारी केळीत बसून तुझे सगळे भाग वाचून काढले. पाणी द्यायचं राहिलं. काय चाललंय ते विशाखा मॅडमनी आधी समजावून दिलं होतं: देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून एकाच खेळात शिरतात, कुणी तलवारवाला होतो, कुणी जादूगार, कुणी जखमेला मलम लावणारी वैद्यीण, आणि टोळी करून गुहेतला राक्षस मारतात, आणि तू त्या खेळाची आणि खेळणाऱ्यांची टिंगल करतोस. टिंगल झकास जमली आहे, खोटं कशाला बोलू. वेशीवरचा तो म्हातारा, जो येणाऱ्या-जाणाऱ्याला वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकवतो ("वीरा, माझी मेंढरं हरवली") आणि मेंढरं आणून दिली तरी पुन्हा तेच म्हणतो, तो आमचा माजी सरपंच आहे हे मी लगेच ओळखलं. जगाचा नाश तोंडावर आलेला, आणि सगळे वीर शेतात उंदीर मारत हिंडतात, कारण उंदीर मारल्याशिवाय लेव्हल वाढत नाही (हे मला तुमच्या लातूरच्या क्लासेससारखं वाटलं). मेलेल्या राक्षसाच्या पोटातून एक बुटाचा जोड निघतो आणि त्यावरून टोळीत भाऊबंदकी होते, तिथं तर मी एकटाच एवढा हसलो की शेजारच्या वावरातला मलप्पा बघायला आला.

मग ढालमामा आले आणि माझं हसू थांबलं. ढालमामा म्हणजे टोळीत सगळ्यांच्या पुढं उभा राहून मार खाणारा गडी. तो नसला तर राक्षस बाकीच्यांना एका फुंकरीत संपवतो, म्हणजे माणूस महत्त्वाचा. पण तुझा ढालमामा प्रत्येक लढाईच्या ऐन तोंडावर रुसतो. बोलावणं सगळ्यांच्या आधी आलं नाही म्हणून रुसतो, आधी आलं तर नुसतं मेसेजवर आलं म्हणून रुसतो. मागं राक्षस आग ओकून राहिला, आणि टोळी नारळ, टॉवेल, टोपी हातात घेऊन "चला हो मामा" करून राहिली. टोपी घट्ट झाली की तो परत बसतो. मिशी माझी. पोट माझं. रुसल्यावर चप्पल घालायची, काढायची, परत घालायची, हीसुद्धा माझीच सवय.

सत्यम, मी रुसत नाही. मला मान कळतो, आणि ज्याला मान कळतो त्याला अपमानही कळतो, एवढंच. तुझ्या जावळाला मी गोठ्यात जाऊन बसलो हे तू जगाला दाखवलंस. का बसलो ते दाखवलं नाहीस. ज्याच्या मांडीवर भाच्याचं जावळ निघायचं त्या मामाला चहा नव्हता, आणि फोटोवाल्याला होता. कुणीही बसला असता. शेवटी दाजी स्वतः हाताला धरून न्यायला आले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं (ते म्हणतात, गोठ्यातल्या धुरानं), तेही दाखवायला पाहिजे होतं.

आता तुझ्या प्रतापानं माझी काय दशा झाली ते ऐक. धर्माबादला तुझ्या मामीच्या भावाची वास्तुशांत होती. पंगतीत मला पहिल्या ओळीत बसवलं नाही. मी रीतसर उठलो, चप्पल घातली आणि एस.टी. स्टँडवर जाऊन बसलो. पूर्वी मी स्टँडवर पोचायच्या आत मागं माणसं यायची. या वेळी दोन तरुण आले. मी समाधानानं तोंड फिरवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, दोन्ही बाजूंना उभं राहून फोटो काढला आणि निघून गेले. टोपी परत घेऊन गेले! मी नांदेडची एक गाडी सोडली, दुसरी सोडली, कुणी येतंय का बघितलं. मग एक वडा खाऊन घरी आलो. तुझी मामी तिकडंच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आली आणि पुरणपोळ्या लई मऊ झाल्या होत्या म्हणाली.

त्यात सुकन्याच्या लग्नाची पत्रिका आली. देवाच्या खालोखाल मामाला पत्रिका, घरी येऊन, कुंकू लावून, अक्षता देऊन, ही आपली रीत. मला ती मोबाइलवर आली. वाजंत्रीसकट. मी ताईला फोन करून म्हटलं, आमचं यायचं बघू. पूर्वी मी "बघू" म्हटलं की संध्याकाळच्या आत लातूरची जीप दारात उभी राहायची. ताई म्हणाली, "बरं, बघ." आणि फोन ठेवला.

आणि त्याच आठवड्यात तुझा नवा भाग. ढालमामा गुहेबाहेर पाठ फिरवून बसलेत. वैद्यीण म्हणते, चला. ढालमामा म्हणतात, मी येत नाही. ती म्हणते, बरं. आणि सगळे आत जातात. ढाल आता कुणा नव्याच्या हातात आहे, त्याचा चेहरा तू दाखवलेला नाहीस. शेवटच्या चित्रात ढालमामा एका डोळ्यानं मागं बघून राहिले, कुणी येतंय का. खाली लोक हसून लोळून राहिले. मी माझ्या नावानं तिथं लिहिलं की हे चूक आहे, माणसाला आणायला जावं. तर कुणीतरी उत्तर दिलं, "मामा, तुम्ही अजून तिथंच बसलात का?" त्या उत्तराला लोकांनी खंडीभर लाल बदाम दिले.

मला हसू आलं नाही. त्या नव्या गड्याचा चेहरा मला ठाऊक आहे. सुकन्याला मंडपात घेऊन यायला तुमचा चुलतमामा मारोती उभा राहणार, असं तुमच्याकडं चाललंय म्हणे. त्यानं कोट शिवायला टाकलाय. मारोती चांगला माणूस आहे; बोलावलं की येतो, वाढलं की जेवतो. पण सुकन्या लहानपणी सुट्टीत इथं असायची, तेव्हा मी ताटावरून उठलो की हीच मागं यायची. समजूत घालायची नाही, नुसती शेजारी येऊन बसायची, आणि तिला भूक लागली की मला उठावं लागायचं. त्या पोरीच्या पाठीशी बोहल्यावर मारोती उभा राहिला तर मला ते सहन होणार नाही. हसायचं तर यावर हस.

तरीही आम्ही लग्नाला येणार नाही. निर्णय पक्का आहे. ताईला आणि दाजींना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव.

तुझा (तुझ्या वाचकांचा नव्हे) मामा,
आप्पासाहेब

ता. क. : हळद कोणत्या दिवशी आहे? तुमच्या पत्रिकेत वरून पाकळ्या पडत राहतात आणि नेमकी तारीख झाकली जाते. सहज विचारलं.

ता. क. दुसरा : मामाकडची पिवळी साडी तुझ्या मामीनं नांदेडहून आणून ठेवली आहे. ती कुरिअरनं पाठवून द्या, असं मारोतीनं सुचवलं. मी त्याच्याशी बोलणं बंद केलंय.

ता. क. तिसरा (हा ताईला वाचून दाखवू नको) : पुढच्या भागात सगळी टोळी मागं फिरवायची गरज नाही. एकजण आला तरी खूप झालं. रविवारी मी घरीच आहे. तू नाहीतर सुकन्या, ज्याला जमेल त्यानं अक्षता घेऊन यावं. मी एकदा नाही म्हणेन. ते ऐकून उठू नको. चहा होईपर्यंत बस.