निळ्या दोऱ्याने शिवलेल्या चपला

सोमवार, ७ एप्रिल

काल लिहिलं — ‘नवे बूट घेतले.’ चूक. नवे नाहीत.

आत्याचा नियम : चुकलेलं खोडायचं नाही, दुसऱ्या दिवशी खाली बरोबर लिहायचं. पाचवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, घरी आत्याकडेच शिकले, त्यामुळे तिचे नियम सुटत नाहीत. तर बरोबर असं : बूट कुणीतरी वापरलेले आहेत. आज सकाळी खिडकीत धरून आत पाहिलं तर तळावर बोटांचे ठसे. टाचेचा खळगा. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब — माझं आहे तसंच. पण मी तर ते अजून फरशीवर दोन पावलं चालण्यापुरतेच घातले होते!

बाकी लिहिलेलं खरं आहे. वाइनचा रंग, घोट्याला नाजूक पट्टा, छोटी ठोकळ्यासारखी टाच. किती दिवस शोधत होते. चामडं नको म्हटलं की लोक पावसाळी चपला काढून दाखवतात. ज्याला गाय नको त्याला जणू सुंदर काही नकोच! उल्हासनगरच्या गल्लीतला तो दुकानदार मात्र म्हणाला, ‘बेबी, चमड़े का एक धागा नहीं इसमें.’ मी विचारलं, चिकटवलंय कशाने? सरस तर नाही ना, हाडांचा? तो हसला. ‘इतना तो मेरी सास भी नहीं पूछती.’

घरी येऊन आतल्या कडेची एक कातरण काढली, चिमट्यात धरून गॅसवर नेली. वितळून गोळी झाली. प्लॅस्टिकचा वास. केस जळल्यासारखा नाही. चामडं असतं तर तो आला असता, आणि तो वास मी दुसऱ्या कुणाहीपेक्षा आधी ओळखते.

मंगळवार, ८ एप्रिल

बूट घालून कंपनीत गेले. लॅबमध्ये तेजल म्हणाली, ‘वीगन म्हणजे रेक्झिनच ना गं? मग माझे पप्पा जन्मभर वीगन. त्यांना सांगायला पाहिजे, उगाच मटण खातायत!’

सगळ्यांनी वळून पाहिलं. पायांकडे. छान वाटलं.

बुधवार, ९ एप्रिल

लिहायला भीती वाटते, पण खरं ते लिहायचं. पाडव्यापासून एकही फिट आलेली नाही.

मार्चमध्ये खरवईच्या नाक्यावर पडले होते. त्याआधी तो वास आला, नेहमीसारखा, केस जळल्याचा. आणि शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी माझ्याच पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरलेली. लहानपणापासून हेच. जग परत येतं तेव्हा सगळ्यात आधी येतो चामड्याचा वास. कुणाचं तरी कातडं, आणि मी ते श्वासात ओढून घेतेय. दूध आधीच सोडलं होतं. त्या दिवशी ठरवलं, चामडंही बास. आपल्या पायाखाली कुणाचं दुःख नको.

त्या चपला आत्याने भंगारवाल्याला दिल्या. उजव्या पट्ट्याला निळ्या दोऱ्याची शिवण होती. स्टेशनजवळ शिवणाऱ्याकडचा काळा दोरा संपला होता, म्हणून निळा.

डॉक्टर म्हणतात, गोळीचा डोस वाढवला त्याचा गुण. असेल. तेच असेल.

शुक्रवार, ११ एप्रिल

सकाळी बुटांत पाय घातले तर आत ऊब. नुकताच कुणीतरी पाय काढून घेतल्यासारखी. बूट रात्रभर कपाटाखाली, गार फरशीवर होते. आत्याला विचारलं, घातले होतेस का? ‘मी? त्या टाचेवर? पडून मरू का!’

राहवेना. कंपनी सुटल्यावर थेट उल्हासनगर. दुकानदार अजिबात ओशाळला नाही. ‘एकाध बार पहना होगा. नया बोल के नहीं बेचा मैंने, बेबी.’ खरंय. तो तसं म्हणालाच नव्हता. मीच धरून चालले, आणि तसंच लिहिलं.

कुठून आले?

‘इतवार को एक आदमी बोरी लाता है. शनि मंदिर के बाहर का माल. वापस करना है तो करो, मैं ना नहीं बोलूँगा.’

बुवापाड्याच्या वाटेवरचं शनीचं देऊळ. शनिवारी लोक तिथे पायातलं काढून ठेवतात आणि मागे न बघता अनवाणी घरी जातात. पायातून पनवती उतरते म्हणे. म्हणजे हे बूट हरवलेले नाहीत, चोरलेले नाहीत. कुणीतरी मुद्दाम सोडलेत.

मी असलं काही मानत नाही.

बूट परत केले नाहीत. पिशवीतसुद्धा घातले नाहीत. घालूनच आले.

शनिवार, १२ एप्रिल



सकाळी शेअर रिक्षात शेजारी एक बाई होती. एमआयडीसीपर्यंत खाली मान घालून माझे पाय बघत बसली. उतरता उतरता म्हणाली, ‘ताई, राग मानू नका. बूट कुठनं घेतले?’

उल्हासनगरहून.

‘डाव्या बकलला आतून चरा असंल. दारात आपटला होता.’

मी तिथेच वाकून पाहिलं. आहे चरा.

तिचं नाव नीलिमा. बुवापाड्यात राहते, एका कंपनीत पॅकिंगला होती. ‘शनी अमावास्येला सोडले मी. पाडव्याच्या आदल्या दिवशी. सासू म्हणली होती, चामड्याचंच सोडायचं असतं, रेक्झिनमधून काय उतरत नाय. पण माझ्याकडं चामड्याचं होतंच कुठं!’ हसली. मीही हसले. मग? गेली का पनवती?

‘कुठची जाते! घरातली भांडणं परवडली, असं झालंय. त्या दिवसापासनं मी पडते, ताई. उभ्या उभ्या. कधी असलं काय नव्हतं मला. सायेब म्हणला, मशीनपाशी नको, घरी बस. आज त्यांच्या पाया पडायला चाललेय.’

मला पुढे विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. पडायच्या आधी काही कळतं का तुम्हाला?

‘वास येतो,’ ती म्हणाली. ‘केस जाळल्यावानी.’

तिच्या पायात काय होतं ते मी पाहिलं नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

रविवार, १३ एप्रिल

घराबाहेर पडले नाही. बूट दाराकडे टाचा करून ठेवले.

सोमवार, १४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. बूट पिशवीत घालून बुवापाड्यात गेले. जे तिचं ते तिला द्यायचं आणि सुटायचं, असा विचार. दाराबाहेर बरीच पायताणं होती, मी त्यांत माझी रबरी चप्पल काढली, खाली न बघता.

नीलिमाला आनंद झाला. तिची मुलगी कीर्ती, सहावीतली, बडबडी. चहा आणला. मी म्हटलं, कोरा चालेल. कीर्ती म्हणाली, ‘उपास आहे का तुमचा?’ दूध पीत नाही गं. ‘कधीच? मग बासुंदी?’ नाही. ‘आई, या ताईंचं अवघडच आहे!’

बूट मात्र नीलिमाने हातातसुद्धा घेतले नाहीत. ‘सोडलेलं परत घेत नाहीत, ताई. भावाच्या लग्नाला घेतले होते हौसेनं. तुम्हाला शोभतात. घाला की.’

मग बोलता बोलता ती थांबली. नाक आक्रसलं. कोपऱ्याकडे बघू लागली, तिथे कुणी उभं असल्यासारखी. मला त्या क्षणी कळलं. कुणाच्याही आधी कळलं. पण उठायला जमलं नाही.

ती पडली.

मी आयुष्यात पहिल्यांदा फिट बाहेरून पाहिली. डावा हात आधी वळतो. अंगठा मुठीच्या आत. मान डावीकडे. आत्या माझ्याबद्दल जसं सांगते तसं, त्याच क्रमाने. मी माझ्याकडेच बघत होते.

कीर्ती रडली नाही. सवय झालेली दिसली. धावत दारात गेली, हाताला आली ती चप्पल उचलली आणि आईच्या नाकाशी धरली. काळी. चामड्याची. उजव्या पट्ट्याला निळ्या दोऱ्याची शिवण.

मी ती तिच्या हातातून काढून घेतली. नीलिमाला कुशीवर केलं, डोक्याखाली माझी ओढणी दिली. कीर्तीला सांगितलं, हुंगवायचं नाही काही, फक्त कुशीवर करायचं आणि जवळ बसायचं. मग लक्षात आलं, चप्पल माझ्या हातातच आहे. गरम होती.

‘आईने देवळातून आणल्या त्या,’ कीर्ती म्हणाली. ‘तिच्या बुटांच्या शेजारीच होत्या. अनवाणी यायचं असतं, पण डांबर तापलेलं ना, पाय भाजत होते तिचे. आजीला नका सांगू हां.’

त्या माझ्या, हे मी सांगितलं नाही. कुणालाच. चप्पल दारात ठेवली, बूट पिशवीत होते तसेच परत घेऊन आले.

मंगळवार, १५ एप्रिल

दुरुस्ती. नऊ तारखेला लिहिलं, चपला भंगारवाल्याला दिल्या. चूक.

आत्या भाजी परतत होती. लपवलं नाही तिने. ‘ठेवल्या मी देवळाबाहेर. शनी अमावास्या साधून. तुझ्या नावाने.’

मला न सांगता?

‘सांगितलं असतं तर ठेवू दिल्या असत्यास? मुलुखाची शहाणी तू. आणि गुण आला की नाही, ते बोल.’

आत्या, त्या कुणीतरी घातल्यात. त्या बाईला आता फिट येते.

तिचा हात थांबला. मग पुन्हा कढईत उलथणं फिरू लागलं. ‘मी काय कुणाच्या पायात नेऊन घातल्या? तिने उचलल्या. उचलायच्या नसतात, एवढं माहीत नव्हतं तिला?’ आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता : ‘ते कुठे तरी जायचंच असतं, राजसी. तुला उचलून उचलून माझी कंबर गेली. आता देवाने ऐकलंय तर तू खोट काढू नकोस.’

हीच आत्या. मुंगी ओलांडून चालायचं, हे मला हिने शिकवलं.

बुधवार, १६ एप्रिल

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, योगायोग. मोठ्या वयातही फिट सुरू होतात, त्या बाईंना माझ्याकडे पाठवा, तुमच्या गोळ्या चुकवू नका. नीलिमाला त्यांचा पत्ता पाठवला. गोळी घेतली.

तरी त्या चपलांचं काय करायचं? टाकून द्यायला सांगावं, तर कुणीतरी उचलणार. पुरल्या तर कुत्री उकरणार. जाळल्या तर — तोच वास, सगळ्या वस्तीत.

आणि आता जे लिहितेय तेही खोडायचं नाही. मला ते परत नकोय. सकाळी एकटी रस्ता ओलांडते, आंघोळीला आतून कडी लावते. बावीस वर्षांत पहिल्यांदा! पंधरा दिवसांत त्याची चटक लागली. नीलिमा पडते तेव्हा मी उभी असते. मी पायात गाय घालत नाही, आणि गायीऐवजी एक बाई पायात घालून फिरतेय.

गुरुवार, १७ एप्रिल

बूट उजेडात धरून पुन्हा पाहिले. तिचा ठसा तसाच. इतकं चालूनही माझा उमटलेला नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

संध्याकाळी नीलिमाचा फोन आला. डॉक्टरांकडे जाऊन आली, गोळ्या सुरू झाल्या. ‘आता मला कुठं सोडत नाहीत घरचे. त्या चपला नुसत्या पडून होत्या. कीर्तीला बरोब्बर झाल्या! उद्या तिचा शेवटचा पेपर, त्याच घालून जाते म्हणते.’

घालू देऊ नका, मी म्हणाले. का ते सांगता येईना. ती हसली. ‘चामडं तुम्हाला चालत नाही, ताई. आम्हाला काय होतंय?’

लगेच बाजारात गेले. कीर्तीच्या मापाचे बूट घेतले. नवे. आत हात घालून, उजेडात धरून पाहिलं, मगच इथे लिहिलं — नवे.

पर्समध्ये गोळ्या ठेवल्या. एका चिठ्ठीवर माझं नाव, आत्याचा नंबर, आणि खाली : ‘कुशीवर करा. चप्पल हुंगवू नका.’ आत्याला सांगितलेलं नाही. जाताना अनवाणी जाणार. येताना नाही.

उद्या सकाळी, कीर्ती पेपरला निघायच्या आत, माझ्या चपला माझ्या पायात. उद्याची तारीख आजच लिहून ठेवते : शनिवार, १९ एप्रिल.