गोल स्टुलाची हकीकत

तीर्थरूप बाबांना,

आपल्या एकुलत्या एक जावयाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दहाही बोटं जागेवर आहेत. आपल्या लेकीने समोर बसवून मोजली आहेत, तेव्हा पुढचं निश्चिंतपणे वाचावं.) आपला गुडघा कसा आहे? खोकल्याचं औषध संपल्यावर थांबवलंत, की कडू लागतं म्हणून आधीच? इकडे सगळं ठीक. फक्त घरातल्या प्रत्येक वस्तूवर लाकडाचा भुसा बसला आहे आणि चहाला त्याची किंचित चव येते; पण आता तिचीही सवय झाली आहे.

विषय स्टुलाचा. वरच्या फळीवरचे डबे काढायला एक स्टूल हवं, एवढंच आपली लेक म्हणाली होती. दुकानातून आणू या, असंही म्हणाली होती. पण सुताराच्या जावयाने स्टूल विकत आणावं हे मला बरं दिसेना. (लग्न ठरवताना आपण रंधा पुढे करून 'हे काय आहे?' असं विचारलंत आणि मी 'इस्त्री' म्हणालो, ते मी विसरलेलो नाही. आपणही नसाल.) म्हणून निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात मी लाकूडकामाचा राउटर घेऊन आलो. आपण ज्या खाचा पटाशीने पाडायचात, त्या हे यंत्र मिनिटाला वीस हजार फेऱ्या मारत पाडतं. पहिल्या दिवशी ते फळीच्या कडेने कोणत्या दिशेला न्यायचं यावर माझं आणि त्याचं एकमत झालं नाही. त्याने मला ओढत फळीच्या टोकापर्यंत नेलं आणि वाटेत कडेचा लचका तोडला. दुकानदाराला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "मशीन चांगलंय, साहेब. तुम्ही त्याला मोकळं सोडलंत. आधी जिग बनवा." जिग म्हणजे राउटरला ठरलेल्या वाटेनेच चालायला लावणारा लाकडी साचा. चौतीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली. वाट आखून देणं हे तर माझंच काम, असं वाटून मला हुरूप आला.

तिन्ही पाय एकसारखे यावेत म्हणून प्लायवूडमधून पायाचा साचा कापला. राउटरच्या बिटावर, म्हणजे कापणाऱ्या पात्यावर, एक छोटं बेअरिंग असतं, ते साच्याच्या कडेला टेकून फिरतं आणि पायाचं लाकूड हुबेहूब तसंच कापलं जातं. हुबेहूब या शब्दाकडे मी पुरेसं लक्ष दिलं नाही. साच्याच्या मध्यावर पाव इंचाचा उंचवटा राहून गेला होता. हाताने केलं असतं तर तीन निराळ्या चुका झाल्या असत्या. जिगने एकच चूक तीनदा, अत्यंत इमानाने केली. आपली लेक एक पाय हातात घेऊन म्हणाली, "याला गुडघे कशाला काढलेत?" मग नवा साचा केला. पाय घट्ट धरायला पकड केली, पकड काटकोनात यावी म्हणून आणखी एक जिग केला, आणि असं करत तिसऱ्या आठवड्याअखेर घरात सात जिग होते आणि स्टूल नव्हतं. (सातवा कशासाठी केला ते आता आठवत नाही, पण सगळ्यांत सुबक तोच आला आहे.)

त्यातच पकडीचा एक स्क्रू बिटाच्या वाटेत राहिला. ठिणग्या उडाल्या आणि असा आवाज झाला की खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. भांडायला आले असतील म्हणून मी आधीच माफी मागून टाकली. ते मात्र दारातच मान तिरकी करून म्हणाले, "बिट बोथट झालंय. आवाजावरून कळतं मला. आणि एका दमात खोल जाऊ नका हो, थोडं थोडं घ्या. पेशंटसुद्धा त्यानेच ओरडतो." मग चपला काढून आत आले, खिशातला मास्क तोंडाला लावला आणि तासभर माझ्या शेजारी उभे राहिले. इतका सुखी माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

राहिली गोल बैठक. त्यासाठी राउटर एका लांब पट्टीला बसवायचा, पट्टीचं दुसरं टोक फळीच्या मध्यात खिळ्यावर अडकवायचं आणि राउटर भोवती फिरवायचा, थोडक्यात, कंपासच. शाळेतल्या फळ्यावरच्या माझ्या वर्तुळांना मुलं बटाटे म्हणत. डॉक्टरांचं ऐकून थोडं थोडं खोल घेत गेलो आणि पाचव्या फेरीला चकती सुटून आली. बाबा, इतकं अचूक वर्तुळ मी जन्मात काढलं नव्हतं. ती चकती हातात धरून मी कितीतरी वेळ नुसता उभा होतो. दोन दिवसांनी स्टूल उभं राहिलं. ते किंचित झुकतं, कुणाचं तरी बोलणं ऐकायला कान पुढे करावा तसं. पण पडत नाही. आपली लेक त्यावर चढली, डबा काढून उतरली आणि म्हणाली, "बरं झालंय." बत्तीस वर्षांच्या संसारात हे मी तिसऱ्यांदा ऐकलं.

तर एकंदरीत सगळं क्षेम आहे, काळजीचं काही कारण नाही, हेच कळवायचं होतं.

आपला नम्र,
जावई

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिली. चकती कापताना फळीखाली वाया गेलं तरी चालेल असं प्लायवूड ठेवावं लागतं. मी ठेवलं नव्हतं. फळी जेवणाच्या टेबलावर होती. होय, तेच, लेकीच्या लग्नात आपण स्वतः केलेलं सागवानी. पाचवी फेरी फळी ओलांडून खाली गेली. टेबलावरचं वर्तुळही तितकंच अचूक आहे, मध्यबिंदूसकट. तूर्त वर जाड कापड अंथरलं आहे. कृपा करून पटाशी आणि जुन्या सागाचे तुकडे घेऊन ताबडतोब निघावं.

ता. क. दुसरा : लेकीला यातलं काही माहीत नाही. सहज आलो, एवढंच सांगावं.

बाबा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याच हातात दिलं, म्हणून या कोपऱ्यात मी लिहितेय. ज्या माणसाने आजवर उशीला अभ्रा घातला नाही, तो आपणहून टेबलावर कापड अंथरतो, तेव्हाच मी ते उचलून पाहिलं. तुमची शप्पथ, आधी रडू आलं. मग विचार केला. दुकान बंद केल्यापासून बोलावलं की तुम्ही म्हणता, काम नसताना लेकीकडे नुसतं बसून काय करू? आता काम आहे. हत्यारं सगळी आणा, कपडे भरपूर आणा, आणि एका दिवसात उरकून टाकू नका.