दुसरी ओळ

दादा,

वहिनीशी लग्न करून तू तिच्या धर्माच्या लोकांत राहायला गेलास, तेव्हा बाबांच्या जोडीने मीही तुझ्याशी बोलणं टाकलं. आज सहा वर्षांनी लिहितेय, तेही गुन्हा कबूल करायला.

आपल्या शहराला नाव कुठून मिळालं, हे ठरवायला समिती बसली होती. जुन्या विहिरीतला शिलालेख वाचायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या ओळीत आपल्या देवाचं नाव होतं. दुसरीत लिहिलं होतं, की शहराला ते नाव वहिनीच्या पूर्वजांनी दिलं आणि आपल्या देवळाला जागाही त्यांनीच दिली.

समितीचे साहेब म्हणाले, "दुसरी ओळ झिजलीय, असं लिहा."

"पण ती स्वच्छ वाचता येते."

"तुम्हाला येते हो, ताई. लोकांना कुठे येते?"

नोकरीच्या भीतीने मी तसं लिहून दिलं. परवा विहिरीवर गेले, तर ती ओळ छिन्नीने साफ उडवलेली. काल चौकात कर्ण्यावरून माझा अहवाल वाचला आणि वर जोडलं, "हे लोक उपरेच आहेत!" आज दुपारी तुमच्या गल्लीत चार माणसं दारावरच्या पाट्या वाचून यादी करत होती. तुझ्या दारापाशी जरा जास्तच रेंगाळली. मी कोपऱ्यावरून पाहिलं, पण तुझं दार वाजवायचा धीर झाला नाही.

टपालाने पत्र पोचायला दोन दिवस लागतील. तेवढा वेळ आहे, असं मला वाटत नाही. म्हणून हे इथेच ठेवून मीच निघालेय. दार उघड, दादा. शिव्या नंतर घाल.

तुझीच,
चिमी