माझ्या सहीचे नऊ कागद

३ जून, सोमवार

मूर्खपणा माझाच! नगरपालिकेवर निवडून आले त्या दिवशी भाऊजी म्हणाले, "वहिनी, दर वेळी शिवण सोडून कुठे येणार? बारा कागदांवर सह्या करून ठेवा." केल्या. कोऱ्या कागदांवर, आनंदाच्या भरात! तीन त्यांनी वापरले. नऊ त्यांच्या कपाटात आहेत.

शुक्रवारच्या सभेत प्रसूतिगृह बंद करून तिथे दुकानांचे गाळे काढायचा ठराव आहे. माझी दोन्ही मुलं तिथलीच. म्हटलं, मी विरोधात हात वर करणार. भाऊजी हसले. "राजीनामा लिहायला पाच मिनिटं लागतात, वहिनी. सही तर आहेच."

पाचावर धारण बसली.

४ जून

ह्यांना सांगितलं. "हात दाखवून अवलक्षण कशाला? जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून तू तिथे. नाहीतर धाकटाच असता." खोटं नाही. पण दारोदार मतं मागत कोण फिरलं? टाचा फुटल्या त्या माझ्या!

५ जून

गणवेशाची बाही उलटी जोडली. दोनदा. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठंय तुझं?" मी सगळं ओकून टाकलं — त्यांच्याच लेकाविरुद्ध! "किती कागद उरलेत म्हणालीस?" एवढंच विचारलं आणि भाजी निवडत बसल्या.

आता त्या भाऊजींना सांगणार. जीभ का आवरली नाही मी?

६ जून

सासूबाई भाऊजींशी बोलताना दिसल्या की कान देते. जेवण जात नाही.

७ जून, शुक्रवार

सभेहून थेट घरी जायची हिंमत झाली नाही. शिवणाच्या दुकानात, आतून कडी लावून लिहितेय.

भाऊजी माझ्या मागच्याच खुर्चीवर होते. सभासद नाहीत, पण कुणी उठवत नाही. अध्यक्षांनी विचारलं, "विरोधात कोण?" हात वर केला. एकटीनंच. बाकीच्या चौघी नगरसेविका टेबलाकडे बघत होत्या. त्यांचेही कागद कुणाकुणाच्या कपाटात असतीलच की. मागे पिशवीची चेन उघडली. संपलं, वाटलं. भाऊजींनी लिफाफा काढून अध्यक्षांच्या हातात दिला — आत घडी घातलेलं जुनं वर्तमानपत्र! भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

ठराव मात्र झालाच. हरले मी. आणि भाऊजींना वाटणार कपाट मीच उघडलं.

७ जून, संध्याकाळ

सासूबाई दुकानात आल्या. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती! आठ कागद त्यांनी माझ्यादेखत जाळले, त्यात लिहून तयार असलेला राजीनामाही. नववा, कोरा, माझ्यापुढे सारला. "ठरावाविरुद्ध वर तक्रार करता येते ना? मग लिही. सही आहेच."

त्यांना अक्षर येत नाही. मजकूर त्यांनी तोंडी सांगितला. तक्रार कुणाकुणाविरुद्ध, त्यात पहिलं नाव धाकट्याचं.